मधुमालतीला लावलेली जाळी

मी मावशीकडे राहायला गेले, तेव्हा तिनं आणि काकांनी एकमेकांशी बोलणं सोडल्याला नऊ वर्षं झाली होती. निघताना आईनं बजावलं, "तिथं कुणाची बाजू घ्यायची नाही. तीन महिने काढायचे, दात करायला शिकायचं आणि परत यायचं." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. खोटे दात आणि कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला उमेदवारी मिळाली होती, आणि ती मावशीच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती.

मावशीनं एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलं तिला पाठीमागे 'घडीबाई' म्हणत, कारण 'हाताची घडी, तोंडावर बोट' एवढं सगळं म्हणण्यातही ती वेळ घालवत नसे. नुसतं 'घडी' म्हणायची आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. काका वीज खात्यात घरोघर जाऊन मीटर वाचायचे. शहरातल्या निम्म्या घरांची मागची दारं त्यांना पाठ होती आणि निम्म्या कुत्र्यांना काका पाठ होते. मी गेले तेव्हा दोघंही निवृत्त झालेले होते. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटा व्हरांडा आणि कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या मावतील एवढी बाग.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला एक पाटी टांगलेली होती. वर मावशीच्या गोलसर अक्षरात 'गॅस संपला'. खाली काकांच्या सुट्या, ठळक अक्षरात 'नोंदवला'. त्या घरातला संसार एवढ्या पाटीवर चालत होता. मी आल्यावर पाटीला सुट्टी मिळाली आणि तिच्या जागी माझी बदली झाली.

"तुझ्या काकांना सांग, न्हाणीघरातला नळ गळतोय."

काका तिथंच दोन हातांवर पेपर वाचत बसलेले असत. तरी मी म्हणायचं, "काका, नळ गळतोय."

"मावशीला सांग, ऐकलं."

पहिला आठवडा मला याचं हसू येई. दुसऱ्या आठवड्यापासून लाज वाटायला लागली.

हे कशावरून झालं, ते मला आईकडून माहीत होतं. मावशीला लहानपणापासून पक्ष्यांचं वेड. त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं दूरच्या एका तळ्याकाठच्या पक्षी-अभ्यास केंद्रात नोकरीसाठी अर्ज केला. सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांना पक्षी दाखवायचे, त्यांच्याबद्दल सांगायचं, असं काम होतं. राहायला तिथंच खोली. ती मुलाखतीला जाऊन आली, उत्तराची वाट बघत राहिली. उत्तर आलं नाही. आपली निवड झाली नाही असं ती धरून चालली आणि शाळेतच राहिली.

अकरा वर्षांनी त्या केंद्राचे जुने संचालक तिच्या शाळेत पाहुणे म्हणून आले. चहा पिताना म्हणाले, "बाई, तुम्ही नकार कळवलात तेव्हा आम्हाला फार वाईट वाटलं होतं." मावशीनं नकार कळवलाच नव्हता. नेमणुकीचं पत्र काकांच्या हाती पडलं होतं, आणि 'घरच्या अडचणीमुळे येणं जमणार नाही' असं उत्तर काकांनीच तिच्या नावानं, तिची सही करून पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी मावशीनं विचारलं. काकांनी नाकारलं नाही. म्हणाले, "एकटीला तिथं कसं जमलं असतं तुला? तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मला विचारलं असतंत, तर कदाचित मीच नाही म्हणाले असते," मावशी म्हणाली. त्यानंतर तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. काकांनी पहिलं वर्षभर मनधरणी केली, मग तेही गप्प झाले. दोघांचा छत्तीसचा आकडा झाला, पण छत्तीसमधल्या तीन आणि सहासारखे राहिले मात्र शेजारीशेजारी. त्यांना मूल नव्हतं. मूल नाही म्हणून बाईंना पाखरांचा लळा, असं लोक म्हणत. मावशीच्या कानावर ते आलं की ती फणकारायची, "मला मूलच हवं असतं तर मी मुलाचा विचार केला असता, बुलबुलाचा कशाला?"

फेब्रुवारी संपत आला होता. एका सकाळी मी डबा भरत होते, तर खिडकीशी उभी असलेली मावशी न वळता म्हणाली, "हलू नकोस."

खिडकीबाहेर मधुमालतीची वेल होती. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून व्हरांड्याच्या खांबापर्यंत पसरलेली, चांगली दाट. एक बुलबुल चोचीत वाळकं मूळ धरून वेलीत शिरला आणि रिकाम्या चोचीनं बाहेर आला. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली लाल ठिपका. मागोमाग त्याची जोडीदारीण कोळ्याच्या जाळ्याचा पुंजका घेऊन आली.

"चार दिवसांत घरटं होईल," मावशी म्हणाली. "आता या खिडकीत भांडी घासायची नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही आणि वेलीजवळ जायचं नाही. दाणे नाही, पाणी नाही, काही नाही. आपण बघायचं. आपलं काम तेवढंच." तिनं कपाटातून एक वही काढली आणि तारीख घातली. दर वसंतात एक, अशी ती सव्विसावी वही होती.

घरटं चहाच्या बशीएवढं झालं. त्यात तीन अंडी आली, गुलाबी रंगाची, तपकिरी शिंतोडे उडालेली. मावशी स्टुलावर चढून, आरसा काठीला बांधून, जोडी लांब गेल्यावर दिवसातून एकदाच बघायची. पंधरा सेकंदांवर एक क्षण नाही.

पहिले काही दिवस काका तिकडे ढुंकूनही बघत नव्हते. मग एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "एवढं काय बघते ती?"

"बुलबुलानं घरटं केलंय."

"हं," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची व्हरांड्यात वीतभर सरकलेली होती. तिथून वेलीची जी बाजू दिसायची, ती स्वयंपाकघरातून दिसत नव्हती. पक्षी ये-जा करायचे ते त्याच बाजूनं, खालच्या अंगाला पानांत एक फट होती तिथून. माणसानं पस्तीस वर्षं आकडे टिपले की हात गप्प बसत नाही. काका जुन्या पाकिटांच्या पाठीवर वेळा लिहायला लागले.

आणि एका सकाळी पाटीवर काकांच्या अक्षरात होतं: 'कावळा. ७.५०. भिंतीवर पाच मिनिटं.'

मला वाटलं, मावशी पुसून टाकेल. तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि खाली लिहिलं: 'घरट्याकडे बघत होता का?'

नऊ वर्षांत तिनं त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न होता. दुपारी खाली उत्तर आलं: 'हो. मी मध्ये पडलो नाही. बुलबुलच अंगावर धावून गेला.' त्याच्याखाली मावशीनं लिहिलं: 'बरं केलंत.' कावळ्याला हुसकलं नाही म्हणून कौतुक झालेला तो जगातला एकटाच माणूस असेल.

तेराव्या दिवशी अंडी फुटली. तीन पिल्लं, नखाएवढी डोकी, आणि बाकी सगळं तोंडच. पाटी आता दिवसातून तीनदा भरायची. 'सकाळी ८ ते ९, अकरा खेपा. सहा अळ्या, तीन नाकतोडे, दोन कळले नाहीत.' मावशी ते वहीत उतरवायची आणि समोर कंसात लिहायची, 'नोंद यांची.' मी एकदा वाचलं आणि वही हळूच मिटून ठेवली.

पिल्लं सहा दिवसांची झाली त्या संध्याकाळी मावशीनं व्हरांड्यात चहा नेला. कप दोन होते. एक काकांच्या खुर्चीशेजारी ठेवला, दुसरा घेऊन पायरीवर बसली. मी दारात उभी होते, म्हणजे निरोप द्यायला सोयीचं.

"आज डोळे उघडले," ती वेलीकडे बघत म्हणाली.

काकांनी कप उचलला होता, तो तसाच राहिला. तेही वेलीकडेच बघत म्हणाले, "तिघांचेही?"

"दोघांचे. तिसरं कमी अंगाचं आहे."

"त्याला घास कमी मिळतो. मी मोजलंय."

"असं होतं," मावशी म्हणाली.

एवढंच. पण त्यात मी कुठंच नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझं लक्ष इतकं उडालं होतं, की मी मेणाच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. संध्याकाळी आईला फोन केला. "मी म्हणतच होते," आई म्हणाली, "वेळ जाऊ दिला की सगळं ताळ्यावर येतं."

पुढचे तीन दिवस त्या घरात माणसं राहतात असं वाटत होतं. काका एकदा हसले. मावशीनं त्यांना विचारलं की दुसरा चष्मा कुठं ठेवलाय, आणि त्यांनी तो आणून दिला. भिंतीवर एक करड्या पट्ट्यांचं मांजर दिसायला लागलं होतं, तेवढीच काळजी होती.

पिल्लं नऊ दिवसांची झाली, त्या दिवशी मावशीला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. मोतीबिंदूची तपासणी होती आणि सोबत मी जाणार होते. गाडी दारात आली तेव्हा काका आंघोळीला गेले होते. मावशी चपला घालता घालता मला म्हणाली, "मी गाडीत बसते. तू यांना सांगून ये. म्हणावं, मांजरावर लक्ष ठेवा. पण काही करू नका. वेलीला हात लावायचा नाही, काही बांधायचं नाही. आलंच तर लांबून टाळी वाजवायची, बस. आता तीन दिवसांचा प्रश्न आहे."

काका पंचा गुंडाळून बाहेर आले. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी दारातूनच म्हणाले, "काका, मावशीनं सांगितलंय, मांजरावर लक्ष ठेवा."

"ठेवतो," काका म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. मावशीनं त्यांच्यावर काहीतरी सोपवलं होतं.

उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही. विसरले, असंही म्हणता येणार नाही. एवढे दिवस बघतायत, त्यांना कळतंच की, असा विचार करून मी गाडीत बसले.

दवाखान्यात वेळ लागला. मावशीच्या डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळे परतताना तिला सगळं धुरकट दिसत होतं. मी हात धरून तिला घरी आणलं तेव्हा चार वाजले होते. फाटकातच ती थांबली.

"हे कसलं ओरडणं?"

मला नुसते पक्षी ओरडतायत एवढंच कळत होतं. ती माझा हात सोडून, भिंतीला धरत धरत मागच्या बाजूला गेली.

काका बागेत उभे होते. हातात पक्कड, मनगटं ओरखडलेली. वेलीवरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी अर्धी कापलेली लोंबत होती. कपड्यांच्या दोरीवर बुलबुलांची जोडी ओरडत होती. मादीच्या चोचीत अजून एक हिरवी अळी होती.

काय झालं ते काकांनी सांगितलं तसं सांगते. मांजर दहा वाजता आलं. त्यांनी हुसकलं, ते परत आलं. दिवसभर असंच चालायचं, आणि आपला एक डोळा लागला तर संपलं, असं त्यांना वाटलं. ते दुकानात गेले, जाळी आणली आणि भिंतीपासून खांबापर्यंत वेलीभोवती बांधली. पक्ष्यांसाठी वर वीतभर तोंड ठेवलं. पण ती जोडी महिनाभर खालच्या फटीतून जात होती. ती जाळीवर आपटायची, दोरीवर बसायची, पुन्हा आपटायची. काकांना वाटलं, सापडेल वाट. एक तास गेला, दोन गेले. ऊन भिंतीवरून थेट वेलीवर आलं. दोन वाजता त्यांना राहवेना, ते जाळी कापायला लागले. वेल हलली तशी दोन पिल्लं घाबरून घरट्याबाहेर पडली. उडता तर येत नव्हतं. एक उचलून त्यांनी परत ठेवलं, ते पुन्हा पडलं. दुसरं पायरीखाली शिरलं आणि तिथून ते मांजरानं नेलं, काकांच्या डोळ्यांदेखत.

"आता किती आहेत?" मावशीनं विचारलं. तिला दिसत नव्हतं.

"एकही नाही," काका म्हणाले.

व्हरांड्यात चपलांचा खोका होता. त्यात रुमाल पसरून त्यांनी दोन पिल्लं ठेवली होती, एक पडलेलं आणि एक घरट्यातच उन्हानं गेलेलं, ते कमी अंगाचं. मावशीनं खाली बसून खोक्यात हात घातला आणि बोटानं चाचपून बघितलं. पंख नुकते फुटायला लागले होते.

"मांजर दोनदा आलं होतं," काका म्हणाले. "तू लक्ष ठेवायला सांगितलंस, म्हणून मी..."

"मी काही करू नका म्हणून सांगितलं होतं. हात लावू नका, काही बांधू नका. शब्द न् शब्द सांगितला होता."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. मी तोंड उघडायला हवं होतं. क्षणभरानं काकांनीच नजर काढून घेतली.

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतंस. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"लक्षात राहतं तुमच्या," मावशी शांतपणे म्हणाली. "अळ्या किती आणि नाकतोडे किती, ते राहतं. दुसऱ्यानं काय सांगितलं ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. मीच मूर्ख. पालथ्या घड्यावर पाणी घालत बसले."

काकांशी ती बोलली ते शेवटचं. तिनं वहीत त्या दिवसाची नोंदही केली नाही.

दहा दिवसांनी, डोळ्याचं पुढच्या महिन्यात ठरलेलं ऑपरेशन रद्द करून, ती दोन पिशव्या घेऊन आमच्या घरी, माझ्या आईकडे निघून गेली. जन्मभर 'जुळवून घ्यावं' म्हणत आलेल्या आईनं तिला पुढची खोली दिली आणि एका शब्दानं विचारलं नाही. वह्या मावशीनं नेल्या नाहीत.

माझी उमेदवारी महिनाभर उरली होती. ती मी काकांबरोबर काढली. एकदा जेवताना मी म्हणाले, "काका, मी मावशीला खरं सांगते."

"नको," काका म्हणाले. "ती आईकडेच आहे, तुला त्याच घरात राहायचंय. तुला कशाला त्यात?"

मला हायसं वाटलं. ते लपवून आता उपयोग नाही. मला मनापासून हायसं वाटलं आणि मी भात संपवला. तीन आठवड्यांनी त्याच जोडीनं शेजारच्या कुंपणात दुसरं घरटं केलं, ते काकांनीच मला दाखवलं. मावशीला कळवू का विचारलं, तर नकारार्थी मान हलवून आत गेले. त्या खेपेला पिल्लं उडाली. कुणी मोजली नाहीत.

त्यानंतर मावशी आमच्याकडेच राहिली. डोळ्याचं ऑपरेशन आईनं करवून आणलं. लख्ख दिसायला लागलं, पण तिनं पक्षी बघणं सोडलं. आमच्या गॅलरीतल्या तारेवर एका वसंतात शिंजिरानं लोंबतं घरटं विणायला घेतलं. आईनं कौतुकानं तिला हाक मारली. मावशी आली, बघितलं, "जागा चांगली निवडलीय," म्हणाली आणि आपली खुर्ची पाठ करून आतल्या बाजूला लावून घेतली.

मी महिन्यातून एकदा काकांकडे जायचे. ते मावशीच्या डोळ्यांची चौकशी करायचे. ती मात्र त्यांचं नाव काढत नसे. पाचव्या वर्षी हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले. मावशी दवाखान्यात आली, जिथं सह्या करायच्या तिथं केल्या, ताठ उभी राहिली. रडली नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, दुपारी ती कपड्यांना इस्त्री करत होती. आई बाहेर गेली होती. मी समोर बसून तिला सगळं सांगितलं. अर्धा निरोप, काकांचं माझ्याकडे बघणं, 'लक्षात राहिलं नाही' हे खोटं असणं.

मावशीनं इस्त्री उभी केली.

"त्यांनी तुला कधी विचारलं, का सांगितलं नाहीस म्हणून?"

"नाही."

"आणि तू दर महिन्याला त्यांच्याकडे जात होतीस."

"हो."

"आणि रोज इथं माझ्यासमोर बसत होतीस. मग ते असताना का नाही बोललीस?"

"भीती वाटली," मी म्हणाले. "तू माझ्याशीही बोलणं सोडशील, असं वाटलं."

तिनं यावर विचार केला. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर ऐकून करत असेल, तसा.

"सोडलं असतं," ती म्हणाली. "पण त्यांच्याशी बोलले असते."

मग तिनं इस्त्री उचलली आणि उरलेल्या तीन उशांच्या खोळी केल्या.

पूर्ण निरोप दिला असता तर काकांनी जाळी लावली नसती का, हे मला माहीत नाही. कदाचित तरीही लावली असती. माणूस तसाच होता. हे मी मावशीला म्हणून बघितलं नाही, कारण त्यात माझीच सुटका होती.

तिनं माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही. मी विचारते त्याला उत्तर देते. औषध घेतलं का, घेतलं. चहा हवा का, अर्धा. आपणहून ती मला काही सांगत नाही आणि काही विचारत नाही. आईला यातलं काही माहीत नाही. परवा आई म्हणाली, "हल्ली तुमच्या दोघींचं काही बिनसलंय का गं?" मावशी पेपर वाचत होती. तिनं पान उलटलं. मी म्हणाले, "छे, काही नाही," आणि कामाला निघाले.